याडी आणि आई

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची एक दुरेघी वही माझ्या कपाटात अजून आहे. तिच्यात तिसरीतल्या एका मुलाने 'माझी आई' या विषयावर चार ओळी लिहिल्या आहेत. "माझी याडी सकाळी नाक्यावर जाते. नाक्यावर कॉन्ट्रॅक्टर येतो तो याडीला बोलवतो. कधी बोलवत नाही तवा याडी घरी येऊन झोपते. मी पाणी भरतो." गोरबोलीत, म्हणजे लमाणी लोकांच्या भाषेत, आईला याडी म्हणतात, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी तिन्ही ठिकाणी तो शब्द तांबड्या शाईने खोडून 'आई' केला, 'तवा'चे 'तेव्हा' केले आणि खाली 'शुद्ध भाषा वापर' असा शेरा मारला.

सहामाही परीक्षेत तोच विषय आला. या वेळी त्या मुलाने लिहिले, "माझी आई खूप प्रेमळ आहे. ती मला रोज गोष्टी सांगते. ती मला गोड खाऊ देते. मला माझी आई फार आवडते." ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा चूक नव्हती. मी दहापैकी नऊ गुण दिले. काही दिवसांनी त्याची आई शिष्यवृत्तीच्या अर्जावर अंगठा द्यायला शाळेत आली, तेव्हा मुलाचे कौतुक करावे म्हणून मी तो निबंध तिला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला. मग माझ्याकडे पाहून, "गोष्टी? कवा?" एवढेच तिने विचारले. सकाळी सातला नाका आणि दिवेलागणीनंतर घर असा तिचा दिवस होता. मला उत्तर देता आले नाही.

मराठी लिहायला शिकवणे म्हणजे नेमके काय शिकवणे, या प्रश्नाशी माझी गाठ खऱ्या अर्थाने त्या दिवशी पडली. त्याआधी दहा-बारा वर्षे मी शिकवत होतेच. बाराखडी, जोडाक्षरे, श्रुतलेखन, निबंध असा सगळा क्रम नीट चालू होता. पण ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याला मी लिहायला शिकवत नव्हते, तर घरचे काही कागदावर येऊ न देण्याचे शिक्षण देत होते, असे आता मला वाटते.

आमची शाळा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षिका आणि जोडवर्ग. ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गात सतरा मुले होती. त्यांपैकी घरी कोंकणी बोलणारी सहा, गोरबोली बोलणारी पाच, कन्नड बोलणारी तीन, हिंदी बोलणारी दोन आणि घरी खरोखर मराठी बोलणारे एकच मूल होते, तेही चंदगडहून आलेल्या कुटुंबातले. म्हणजे मराठी शाळेत मराठीच अल्पसंख्य होती. राज्यात तरी वेगळे काय आहे? २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे जवळजवळ ११ टक्के, हिंदी १० टक्क्यांच्या थोडे वर, कन्नड साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि उर्दू तीन टक्क्यांहून किंचित कमी आहेत. या तक्त्यात लमाणी कुठे शोधाल? जनगणनेत लमाणी किंवा बंजारी ही मातृभाषा हिंदीच्या गटात मोजली जाते. त्यामुळे माझ्या वर्गातली पाच मुले कागदावर हिंदीभाषक ठरतात आणि घरी गेल्यावर त्यांची आजी त्यांच्याशी हिंदीचा एक शब्दही बोलत नाही.

कायद्याने याची दखल घेतलेली नाही असे नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असे सांगतो, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हणतो. गोव्यात कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या काही प्राथमिक शाळा आहेतही. पण पाच भाषांची सतरा मुले आणि एक शिक्षिका असलेल्या वर्गात 'शक्य तेथवर' या दोन शब्दांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा असतो. मी तो बरीच वर्षे माझ्या सोयीने लावला.

याचे एक कारण माझ्या स्वतःच्या बालपणात आहे. आमच्या घरात बोलणे कोंकणी आणि वाचणे मराठी. आजी आमच्याशी कोंकणीत बोलायची, भांडायची, उपदेश करायची. पण देव्हाऱ्यासमोर बसली की आरती मराठी, पोथी मराठी, आणि दुपारी चष्मा लावून वाचायची ते वर्तमानपत्रही मराठी. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आलेले आहे. मी घरी 'आवय' म्हणे आणि वहीत 'आई' लिही, आणि त्यात मला काही तुटल्यासारखे कधी वाटले नाही, कारण दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदत होत्या. मला जे जमले ते लमाणी मुलालाही जमावे, एवढे साधे गणित मी मांडले होते. त्याच्या घरात मराठीची ओसरीच नव्हती, हे माझ्या लक्षात आले नाही. त्याच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे रेशनकार्ड, आधारकार्ड आणि भिंतीवरचे, लमाणी समाजाचे संत सेवालाल महाराज यांचे कॅलेंडर.

कोंकणी बोलणाऱ्या मुलाचे मराठी लेखन हा वेगळाच विषय आहे, आणि तेथे अडचण दुरून नव्हे तर फार जवळून येते. लग्न होऊन गोव्यात आलेली माझी एक सहकारी पहिल्याच पावसाळ्यात पहिलीच्या मुलांना मैदानावरून वर्गात पिटाळत होती. "पाऊस आला, पळा, पळा!" असे ती ओरडली आणि मुले जागच्या जागी थांबून आभाळाकडे पाहू लागली. कोंकणीत 'पळय' म्हणजे 'पाहा'. धावायला 'धांव' म्हणतात. मुले भिजली, बाई चिडल्या, आणि मुलांना आपले काय चुकले हे कळेना. हा किस्सा आमच्याकडे हसण्यावारी नेला जातो, पण मुलाच्या वहीत असल्या जागा पानोपानी असतात आणि तेथे कोणी हसत नाही, तेथे गुण कापले जातात.

लिंगाचेच पाहा. कोंकणीत लहान मुलीविषयी बोलताना नपुंसकलिंग वापरतात. 'तें आयलें', 'तें रडलें'. मुलगी स्वतःविषयी 'हांव गेलें' म्हणते, आणि ते मराठीत 'मी गेले' असे उतरते, म्हणून तेथे काही खटकत नाही. पण तीच मुलगी धाकट्या बहिणीविषयी लिहिताना 'माझी बहीण पडले आणि ते रडले' असे लिहिते. शिक्षिकेला वाटते, एवढे साधे 'ती' आणि 'ते' हिला चौथीत येऊनही कळत नाही. तिला ते उत्तम कळते. कोंकणी व्याकरणाचा नियम ती काटेकोरपणे पाळत असते. तीच गोष्ट अनुस्वारांची. कोंकणी मुले 'माझें घर', 'मोठें झाड' असे टिंब देऊन लिहितात, कारण त्यांच्या उच्चारात ते नाकातले आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार मराठीतून काढून टाकले; त्याआधी छापलेल्या, माझ्या आजीच्या पोथीत ते सगळे जागच्या जागी होते. म्हणजे ज्या टिंबावर मी तांबडी फुली मारत होते, ते टिंब माझ्या आजीच्या मराठीत शुद्ध होते. त्या मुलांना आता मी टिंब चुकले असे सांगत नाही; कोंकणीत लिहिताना द्या आणि मराठीत लिहिताना देऊ नका, असे सांगते. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्याने हा भेद दाखवायला फळ्यावर दोन ओळी पुरतात.

येथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या, म्हणजे मराठीवर मनापासून प्रेम करणाऱ्या शिक्षकांतल्या काहींना अजूनही कोंकणी ही बिघडलेली मराठी वाटते, आणि मुलाचा कोंकणी शब्द ते गंज घासून काढावा तसा काढतात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, त्यातली कोंकणीची आणि मराठीची जागा, या सगळ्यावर मोठ्या माणसांनी हवे तितके भांडावे. सात वर्षांच्या मुलीच्या वहीत ते भांडण आणू नये. तिने 'उदक' लिहिले तर तिला तहान लागली आहे एवढाच त्याचा अर्थ असतो.

कन्नड आणि गोरबोली बोलणाऱ्या मुलांच्या चुका पुन्हा निराळ्या. कन्नडमध्ये लिंग अर्थावर ठरते. पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, आणि निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्या मुलाला दरवाजा 'तो', खिडकी 'ती' आणि घर 'ते' का, हे कोणत्याही युक्तिवादाने पटवता येत नाही, कारण त्याला मुळात युक्तिवादच नाही. गोरबोली राजस्थानी कुळातली आहे, तिच्यात लिंगे दोनच, त्यामुळे तेथे 'ते' हाच परका पाहुणा. हिंदी बोलणाऱ्या मुलांना 'ळ' नकोसा असतो; 'फळ'ऐवजी 'फल' लिहून ती मोकळी होतात. कन्नड मुलांना मात्र 'ळ' आणि 'ण' दोन्ही घरचेच आहेत, आणि या दोन अक्षरांच्या श्रुतलेखनात ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असतात, हे मी पूर्वी कधी पाहिलेच नव्हते, कारण मी फक्त चुका मोजत होते. चुका मोजणे थांबवून कोणाची चूक कुठून येते हे एका कागदावर मांडले, तेव्हा सतरा मुलांच्या शंभर वेगवेगळ्या चुका म्हणजे मुळात आठ-दहाच गोष्टी आहेत असे दिसले. मग वेळही वाचू लागला.

अशी कामे आपल्याकडे पूर्वी झालेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी जे काम केले, त्यातली कुरणशाळा मला राहून राहून आठवते. मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. आम्हाला कुरणावर जायची गरज नव्हती. आमची मुले शाळेत येत होती, त्यांचे शब्द तेवढे फाटकाबाहेर थांबत होते.

त्यांना आत आणायला मी जे केले ते फार थोर नव्हे. वर्गाच्या मागच्या भिंतीवर पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या, प्रत्येक भाषेला एक. रोज एक वस्तू ठरवायची, आणि ज्याने त्याने आपल्या घरचा शब्द देवनागरीत लिहून आपल्या पट्टीवर चिकटवायचा. पहिल्या दिवशी पाणी घेतले. कोंकणी पट्टीवर 'उदक' आले, कन्नडवर 'नीरु', हिंदीवर 'पानी'. आणि लमाणी मुलांनी लिहिले 'पाणी'. ते पाहून वर्ग गप्प झाला. मराठीच्या पट्टीवरही 'पाणी'च होते. "टीचर, हे आमचंच लिवलंय," असे एक लमाणी मुलगी म्हणाली, आणि मी तिला हो म्हणाले. ज्या कोंकणी मुलांना आपण मराठीच्या जवळचे वाटत होतो, ती या एका शब्दापुरती का होईना मागे पडली होती. दुसऱ्या दिवशी 'आई' घेतले. आई, आवय, अव्वा, माँ, याडी. ती याडीची चिठ्ठी त्याच मुलाने लिहिली. चिकटवण्याआधी तो माझ्याकडे पाहून थांबला होता, हे मला विसरता येत नाही.

भाग तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ती भिंत पाहून, "मराठी शाळेत हे काय?" असे विचारले होते. मी त्यांना मुलांच्या वह्या दाखवल्या. त्यांनी त्या चाळल्या नाहीत. शेरेबुकात 'भिंत स्वच्छ ठेवावी' असे लिहून ते गेले. भिंत स्वच्छच होती.

शब्द भिंतीवर आले म्हणून कोणी लिहू लागत नाही. लिहायला सांगण्यासारखे काही असावे लागते, आणि ते ऐकायला कोणीतरी असावे लागते. आमच्या निबंधांचे विषय पाहा. 'माझी सहल', 'समुद्रकिनाऱ्यावरील एक तास', 'मी पाहिलेला गड'. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे मूल सहलीला गेलेले नसते. मग ते मार्गदर्शकातली सहल पाठ करते आणि आपण त्या सहलीला नऊ गुण देतो. विषय सोडून मी एकदा एवढेच सांगितले की, तुम्हाला जे करता येते आणि मला येत नाही असे काहीतरी लिहून मला शिकवा. कोंकणी घरातल्या एका मुलीने खुबे, म्हणजे शिंपले, कसे काढायचे ते लिहिले. एकाने सायकलची चेन चढवायला शिकवले. आणि त्या याडीच्या मुलाने, तोवर तो चौथीत गेला होता, चिऱ्यांची भिंत कशी बांधतात ते लिहिले. त्याचे वडील गवंडी होते.

त्याचा पहिला खर्डा असा होता: "आधी सूत बांधतात. मग चिरा ठेवतात. याडी माल देते. चिरा वाकडी बसली तर काढून परत ठेवतात. भिंत उंच झाला की पाणी मारतात."

पूर्वीच्या पद्धतीने मी लगेच 'वाकडी बसली'चे 'वाकडा बसला' केले असते. या वेळी पेन खाली ठेवून त्याला ते वर्गापुढे वाचायला लावले. खुबे काढणारी मुलगी म्हणाली, "वाकडा बसला हे कळतं कसं?" तो तोंडी म्हणाला, ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघतात. दुसऱ्याने विचारले, पाणी किती दिवस मारतात? सात दिवस, आणि रविवारी ते काम माझे, असे त्याने सांगितले. मी त्याला म्हणाले, हे सगळे कागदावर का नाही? तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाय." मग त्याने ते घातले. दुसरा खर्डा पहिल्याच्या तिप्पट झाला, त्यात ओळंब्याची दोरी आली, मिटलेला डोळा आला, पहारीने चिरा हलवण्याचा आवाज आला. तो लेखनाचा खरा तास होता आणि त्यात मी एकही अक्षर दुरुस्त केले नव्हते.

दुरुस्ती त्यानंतर केली, पण एका वेळी एकच. पहिल्या वाचनात फक्त अर्थ पाहायचा. वाचणाऱ्याला जे कळत नाही ते विचारायचे. दुसऱ्या वाचनात फक्त 'तो-ती-ते'. याच लेखातली अवजारे आम्ही फळ्यावर तीन खणांत वाटली. चिरा, ओळंबा हे एका खणात. वीट, थापी, पहार, भिंत, रेती दुसऱ्यात. आणि फावडे, घमेले, सूत, सिमेंट तिसऱ्यात. व्याकरणाच्या पाठात 'पुस्तक, वही, फळा' घेऊन जे लिंग दोन वर्षांत गळी उतरले नव्हते, ते घमेल्या-फावड्याने आठवड्यात बरेचसे बसले, कारण हे शब्द मुलांनी बांधकामावर मुकादमाच्या तोंडून हजार वेळा ऐकलेले होते. 'घमेलं भरलं का', 'थापी कुठं ठेवली' यांत लिंग आपोआप आलेले होते. मुलाजवळ मराठी नाही असे मी समजत होते. त्याच्याजवळ मराठी होती, फक्त ती पाठ्यपुस्तकातली नव्हती. तिसऱ्या वाचनात जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ. आणि ते राहून गेले तर राहू द्यायचे. चौथीतल्या मुलाचे 'परत' आणि 'मग' जागच्या जागी असतील, तर एखाद्या वेलांटीसाठी त्याचा उत्साह मोडण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे आणि त्यावरून माझे अनेकांशी वाद झालेले आहेत.

आणि 'याडी माल देते' या ओळीचे काय? ती तशीच ठेवली. त्याला एवढेच विचारले की, हा लेख ज्याला याडी हा शब्द ठाऊक नाही त्याच्या हातात पडला तर काय? त्याने थोडा विचार करून 'याडी म्हणजे माझी आई' असे पुढे लिहिले. लेखकाने वाचकाचा विचार करायचा असतो, हे मी त्याला समजावून देणार होते. ते समजवायची वेळ आली नाही.

हे सगळे वाचून कोणी विचारील, आणि पालक विचारतातच, की मराठीचा एवढा खटाटोप कशासाठी? गोव्यात पाचवीपासून बहुतेक सगळीकडे माध्यम इंग्रजी होते. १९९० नंतर प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेशी जोडले गेले, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठे आंदोलन उभे राहिले. त्या काळात मराठी-कोंकणी शाळांच्या बाजूने मीही पणजीत उभी राहिले होते. त्या आंदोलनात लमाणी मुलाच्या भाषेविषयी एक शब्दही निघालेला मला आठवत नाही, माझ्याही तोंडून नाही. आमच्या मुलांचे पालक आमच्याकडे मराठीच्या ओढीने येत नाहीत. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, फी नाही आणि दुपारी पाव-भाजी मिळते म्हणून येतात. ते प्रामाणिक कारण आहे आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

परंतु त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७९ पासून एक भेद मांडला आहे. नव्या भाषेत बोलण्या-खेळण्यापुरते मूल साधारण दोन वर्षांत तयार होते, पण त्या भाषेत अभ्यास करण्याइतके, म्हणजे कारण सांगणे, तुलना करणे, लिहून समजावणे इतके तयार व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. आता हा हिशेब आमच्या मुलाला लावा. पहिलीत त्याला मराठी नवी. चार वर्षांनी ती जेमतेम अभ्यासाची होऊ लागते, तोच पाचवीत इंग्रजी. मधल्या काळात होळीला गावी गेलेले कुटुंब महिना-महिना परत येत नाही. दोनदा मुळे उपटून दोनदा लावलेले हे रोप आहे. त्याला माझ्याकडून मराठीचे किती शब्द मिळाले हे पाचवीत फारसे उपयोगी पडणार नाही. आपण पाहिलेले क्रमाने सांगता येते, वाचणाऱ्याला काय कळणार नाही हे ओळखता येते, लिहिलेले परत वाचून बदलता येते, हे मात्र एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. ते ज्या भाषेत त्याला आज येऊ शकते त्या भाषेत आज शिकवावे, आणि माझ्या वर्गात ती भाषा म्हणजे नाक्यावरची, बांधकामावरची, याडीसकटची मराठी आहे. पालकांना मी हे इतक्या शब्दांत सांगत नाही. त्यांना त्यांच्या मुलाने लिहिलेले वाचून दाखवते.

त्या मुलाच्या आईला भिंतीचा लेख मी वाचून दाखवला होता. ओळंब्याशी आल्यावर तिने मला थांबवून मुलाला गोरबोलीत काहीतरी ठणकावले. मी विचारले तर तो म्हणाला, "म्हणते, चिरा ठेवायच्या आधी भिजवतात ते लिवलंच नाही." ती ओळ तिसऱ्या खर्ड्यात आली.

या जूनमध्ये पहिलीत झारखंडहून आलेली एक मुलगी दाखल झाली आहे. तिच्या घरी संताळी बोलतात. संताळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली आणि तिला ओल चिकी ही स्वतःची लिपी आहे, एवढेच मला ठाऊक. भाषेचा एक शब्दही येत नव्हता. तिच्या वडिलांना पाण्याला काय म्हणता असे विचारले तर त्यांनी सांगितले, 'दाक्'. भिंतीवर जागा उरली नव्हती, म्हणून कन्नडची पट्टी थोडी सरकवून नवी लावली आणि 'दाक्' तिच्यावर मीच लिहिले, कारण मुलीला अजून अक्षरे येत नाहीत. ती वर्गात अद्याप बोललेली नाही. मधल्या सुट्टीत पट्टीजवळ जाऊन उभी राहते आणि त्या शब्दावर बोट ठेवून परत येते. पट्टीची बाकीची जागा रिकामी आहे. दुसरा शब्द तिच्याकडूनच यायचा आहे.